सिस्टम म्हणते, विचार करा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायला नाही. पण उद्या कोणी विचारलं की एवढं मोठं काम सुरू कसं झालं, तर पुरावा असावा.

काम असं. उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या आमच्या तीस बेडच्या हॉस्पिटलात क्लिनिकल डिसिजन सपोर्ट आणणे. म्हणजे डॉक्टर औषध लिहायला लागले की कॉम्प्युटर मध्येच सांगणार, थांबा, या पेशंटला हे चालत नाही. चूक व्हायच्या आधीच पकडायची. त्यासाठी चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला. सर्टिफिकेट लॅमिनेट करून केबिनमध्ये लावलंय. इथे ऑपरेशन्स मॅनेजर होऊन दीड वर्ष झालं. त्याआधी अकरा वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत पॅकेजिंगच्या कंपनीत क्वालिटी बघितली. खोका काय, पेशंट काय, प्रोसेस ती प्रोसेस.

संकल्प: पहाटे उठणे (आज झालं). कोणावर आवाज चढवायचा नाही. १ डिसेंबरला सिस्टम चालू.

बायकोला, तेजलला, हे सगळं सांगितलं. ती डबा भरत होती. म्हणाली, छान, जरा भाजीत मीठ आहे का बघ.

४ नोव्हेंबर, मंगळवार

फ्लोचार्ट काढला. सात चौकटी. केबिनचं दार लावून घेतलं होतं, म्हणून चार तासांत झाला. तिसरी चौकट: डॉक्टर कॉम्प्युटरवर औषध लिहितात. चौथी: सूचना येते. पाचवी: डॉक्टर विचार करतात.

कोर्समध्ये म्हटलं होतं, आधी दोन आठवडे वॉर्डात उभं राहून काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघा. ते बाहेरून आलेल्या कन्सल्टंट लोकांसाठी असावं. मी रोज वॉर्डावरून जातो. लिफ्ट तिथेच आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

यशोधरा सिस्टरना फ्लोचार्ट दाखवला. वॉर्ड इनचार्ज, एकोणीस वर्षं इथेच. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं भारावल्या. मग विचारलं, सर, हे डॉक्टर कुठले?

म्हटलं, आपलेच की.

तर म्हणाल्या, आपले डॉक्टर कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. हेमनानी सर बाराला येतात, चालता चालता औषधं सांगतात, मी कागदावर घेते आणि मग टाइप करते. पुढे ते बदलापूरच्या दुसऱ्या एका हॉस्पिटलात जातात. तिथून व्हॉइस मेसेज येतात, तेही आम्हीच टाइप करतो. लॉगिन त्यांचंच, बोटं आमची. म्हणजे तुमची सूचना येणार आम्हाला. आणि औषध बदलायचा अधिकार आम्हाला नाही. मग आम्ही काय करायचं?

नकारात्मक. एकाच जागी एकोणीस वर्षं राहिलं की माणसाला नवीन काही दिसत नाही. हसून म्हटलं, सिस्टम आली की सवयी बदलतील. त्या हसल्या नाहीत.

त्यांना मी माझ्या टीममधली समजत होतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉ. हेमनानींना लिफ्टमध्ये गाठलं. फिजिशियन चांगले आहेत, पण पायाला भिंगरी. म्हटलं, सर, उद्यापासून प्रिस्क्रिप्शन तुम्हीच टाइप करा ना. म्हणाले, अरे सुजित, मेरेको टाइम किधर है यार, बदलापूरला बावीस पेशंट बसलेत, तू सिस्टरला सांग ना, शी इज बेस्ट. आणि गाडीत बसून गेले.

नोंद: तत्त्वतः मान्य. वेळेचा प्रश्न फक्त.

१० नोव्हेंबर, सोमवार. रात्रीचं जेवण व्हायच्या आत

नियम लिहायला घेतले. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार नियम चाळीसच होते. चाळीस! माझे आत्तापर्यंत दोनशे सहा. काही अगदी मूलभूत आहेत, पण जगात कोणी विचार केला नसेल. उदा. वय साठच्या वर असेल तर कुठल्याही औषधाला सूचना: ‘रुग्णाचे वय जास्त आहे. विचार करा.’ वय बाराच्या खाली असेल तर: ‘रुग्णाचे वय कमी आहे. विचार करा.’

तेजल म्हणाली, मधल्या वयाच्यांनी काय घोडं मारलंय? चेष्टा होती, पण मुद्दा बरोबर. त्यांच्यासाठीही टाकला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चारशे बारा नियम. कंपनीच्या इंजिनिअरला, राजूला, फोन केला. तो म्हणाला, सर, एवढ्या सूचना आल्या तर लोक वाचायचं सोडून देतात. चाळीसच ठेवा, नाही तर वीस. शेजारच्या बाईसारखं होतं, सारखं बोलली की आपण नुसतं हो हो करतो.

कंपनीचाच माणूस कंपनीच्या सॉफ्टवेअरबद्दल असं बोलतो. त्याच्या मालकाला कळवायला हवं. माणूस म्हणून गोड आहे म्हणून नाही कळवलं.

सूचनेला आवाजही ठेवलाय. तीनदा टिंग. बटण दाबेपर्यंत थांबत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज वॉर्डात मुद्दाम गेलो. लाज वाटली. प्रत्येक सलाइनच्या स्टँडला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर लाल पेनने लिहिलेलं. ‘शुगर आहे. ज्यूस नको.’ ‘गोळी चुरून द्या.’ ‘मुलगी ६ला येते, तेव्हाच सही.’ एकावर नुसतं ‘घाबरते’. हॉस्पिटल आहे की भाजीमंडई? सगळं यशोधरा सिस्टरांचं. पेशंट आला की त्या स्टूल घेऊन शेजारी बसतात, अर्धा अर्धा तास गप्पा मारतात आणि मग पट्टी चिकटवतात. म्हणाल्या, सर, कागद फाइलमध्ये राहतो, फाइल काउंटरवर राहते. पट्टी पेशंटजवळ राहते. जो कोणी हात लावायला येईल त्याला दिसते.

हीच माहिती सिस्टममध्ये हवी. दोन ठिकाणी माहिती म्हणजे शून्य माहिती (माझं वाक्य. पुढेमागे प्रेझेंटेशनला वापरणे).

परिपत्रक क्र. ७ काढलं: हस्तलिखित चिकटपट्ट्या आजपासून बंद. खाली सही, शिक्का. यशोधरा सिस्टरनी पोच दिली. लगेच पट्ट्या काढायला घेतल्या. काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ट्रेनिंग. वेळ तीन ते पाच. स्लाइड्स चौऱ्याऐंशी. समोसे सांगितले होते.

तीन वाजता हजर: गयाबाई मावशी. वॉर्डातल्या सफाईच्या. साडेतीनला दोन सिस्टर आल्या, एकीला बेल आली म्हणून गेली, दुसरी तिला शोधायला गेली. डॉक्टर कोणी नाही. मी थांबलो नाही. संपूर्ण प्रेझेंटेशन गयाबाईंना दिलं. शेवटी काही शंका विचारलं, तर म्हणाल्या, साहेब, एवढे समोसे उरलेत, पेशंटच्या बायकांना वाटू का?

एका प्रोजेक्टसाठी माणूस घरदार विसरतो आणि लोक दोन तास काढू शकत नाहीत. खरंच डोळ्यांत पाणी आलं. फाइल लावून ठेवताना, कोणी बघत नव्हतं तेव्हा.

हजेरीपत्रकात लिहिलं: प्रशिक्षणाला उपस्थित असलेल्यांपैकी शंभर टक्के लोकांनी प्रशिक्षण पूर्ण केलं.

१ डिसेंबर, सोमवार. चालू!

सकाळी नऊला नारळ फोडला. मालक डॉ. विनीत आले होते. म्हणाले, इथे जमलं तर आपल्या बदलापूरच्या शाखेतही टाकू आणि तिथलं सगळं तुझ्याकडे. एवढंच म्हणाले, पण खांद्यावर हात ठेवला होता.

पहिली सूचना ९.४२ला. पेशंट कॉट चार, वय एक्काहत्तर, पुरुष, पॅरासिटामॉल. ‘रुग्ण गरोदर आहे का?’ छोटीशी सेटिंगची चूक. पण वाजली! तीनदा टिंग. मला अंगावर काटा आला.

३ डिसेंबर, बुधवार

तीन दिवसांचा रिपोर्ट काढला. एकूण सूचना ११४०. प्रतिसाद शंभर टक्के. प्रतिसादाचा सरासरी वेळ तीन सेकंद. तीन! कोर्समधल्या बाईंनी सांगितलं होतं, जगात कुठेही निम्म्याच्या वर प्रतिसाद मिळत नाही. त्यांना मेल केला. उत्तर नाही. जळणं साहजिक आहे.

प्रत्येक सूचनेला ‘कारण लिहा’ अशी जागा ठेवली आहे. बहुतेक कारणांत नुसता टिंब आहे. संक्षिप्त लिहिण्याची सवय चांगलीच.

यशोधरा सिस्टरनी शनिवारी रजा मागितली. ६ डिसेंबर, दरवर्षी दादरला चैत्यभूमीला जातात. दिली, द्यायलाच हवी. पण चालू होऊन आठवडाही नाही, आणि मनात आलंच की हिला सिस्टमचं काही पडलेलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

बाबांना ॲडमिट केलं.

गावी, जांभूळला एकटेच असतात, आई गेल्यापासून. चिखलोलीच्या आमच्या फ्लॅटवर यायचं नाव काढत नाहीत, सातव्या मजल्यावर माती नाही म्हणतात. वाफ्यात काम करताना पायात गंजका खिळा गेला, चार दिवस कोणाला सांगितलं नाही. आज पाय गुडघ्यापर्यंत लाल, एकशे तीन ताप. घाबरलो. पण लगेच वाटलं, चला, आपल्या सिस्टममध्ये आपलाच माणूस. याहून सुरक्षित जागा कुठली?

नोंदणी स्वतः केली. स्वतःच्या लॉगिनने. ॲलर्जीच्या चौकटीत ‘आहे’ केलं की पुढे चौदा रकाने उघडतात, ते मीच ठेवलेत, सगळे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘नाही’ टाकून पुढे गेलो. बाबा उभ्या आयुष्यात आजारी पडलेले मला आठवत नाहीत. मुलगा आहे मी, मला माहीत नसणार? विचारायचं होतं, पण ते लिफ्टपाशी व्हीलचेअरवर होते आणि मला डॉ. विनीतांचा फोन आला.

संध्याकाळी बघितलं तर यशोधरा सिस्टर बाबांजवळ स्टूल घेऊन बसलेल्या. बाबा हात हलवून हलवून काहीतरी सांगतायत. माझ्याशी महिन्याकाठी दहा वाक्यं. तिथे मात्र खळ नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आजचा दिवस लिहवत नाही. तरी लिहितो.

बाबांना बघायला सकाळी वॉर्डात होतो. काउंटरवर टिंग टिंग टिंग. कोणी सिस्टर नव्हती. गयाबाई फरशी पुसत आल्या, काउंटरपाशी थांबल्या, कोपराने एंटर दाबलं, टिंबाचं बटण दाबलं, परत एंटर. पुसत पुढे गेल्या. मागे वळून न बघता.

मी त्यांना थांबवलं. हे काय? तर म्हणाल्या, अहो साहेब, ते वाजत राहतं, माणसं झोपत नाहीत. तुम्हीच नाही का शिकवलं, एंटर मग कारण मग एंटर? एवढ्या समद्या स्टाफमध्ये मी एकटीच तर शिकले. सिस्टर पण मलाच सांगतात, गयाबाई, जरा गप्प करा त्याला.

म्हणजे ११४० सूचनांना तीन सेकंदांत प्रतिसाद देणारा माणूस गयाबाई.

कोणावर आवाज चढवायचा नाही असा संकल्प होता. चढवला. एक पेशंट जागा झाला. पाठीत खंजीर म्हणतात तो हाच.

तेजलला सांगितलं तर हसायला लागली, नाकातून चहा आला तिच्या. घरातही तेच.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळी

आता कडक धोरण. राऊंड घेतला. पट्ट्या बंद होऊन तीन आठवडे झाले, सगळे स्टँड स्वच्छ. आणि एकाच स्टँडवर पट्टी. माझ्या बाबांच्या! लाल पेन: ‘पेनिसिलिन नाही. कधीच नाही.’

सिस्टममध्ये तपासलं. बाळाजी, वय ७४, ॲलर्जी: नाही. स्पष्ट. म्हणजे पट्टीवरची माहिती खोटी. मॅनेजरच्या बापाच्या कॉटला पट्टी लावणं म्हणजे मला खिजवणंच की. बाबा तापात झोपले होते, त्यांना उठवलं नाही. पट्टी मी माझ्या हाताने काढली, चोळामोळा करून टाकली. यशोधरा सिस्टर आज रजेवर, म्हणून नोटीस त्यांच्या टेबलावर ठेवली: परिपत्रक क्र. ७चा भंग, तीन दिवसांत खुलासा द्यावा.

हलकं वाटलं.

६ डिसेंबर, शनिवार. रात्री ८

ओळी वाकड्या येतायत.

साडेसहाला ताप परत चढला. डॉ. हेमनानी बदलापूरला. व्हॉइस मेसेज आला, पहिलं औषध बंद, दुसरं इंजेक्शन चालू करा. संध्याकाळच्या ड्यूटीला नवीन सिस्टर. तिने हेमनानींच्या लॉगिनवर टाइप केलं. मी शेजारी उभा. वयाची सूचना आली, गरोदरपणाची आली, विचार करा आली. ॲलर्जीची नाही आली. मी तिला म्हटलं, बघ, ॲलर्जीचं काही वाजलं नाही, याचा अर्थ सेफ. हाच तर फायदा.

तिने इंजेक्शन भरलं. कॉटपाशी गेली, स्टँडकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

गयाबाई पलीकडे बेडपॅन घेऊन चालल्या होत्या. म्हणाल्या, हे कुठलं? पेनिसिलिनच्या घरातलं नाही ना? बाळाजीबाबांना नाही चालत. यशोधराताई काल जाताना मला सांगून गेल्या, मावशी, मी नाही उद्या, तुम्ही ध्यानात ठेवा.

मी म्हटलं, गयाबाई, तुम्ही तुमचं काम बघा. सिस्टममध्ये नाही आहे.

नवीन सिस्टर मध्येच उभी. सुई हातात. एकदा माझ्याकडे, एकदा गयाबाईंकडे. मग तिने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि यशोधरा सिस्टरना फोन लावला. त्या दादरला रांगेत होत्या, मागे घोषणांचा आवाज, स्पीकरवरून मलाही ऐकू येत होतं. औषधाचं नाव ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, देऊ नकोस. पेनिसिलिनच आहे ते. सत्याऐंशी साली बाबांना दिलं होतं, गळा सुजून श्वास बंद झाला होता, बैलगाडीतून नेलं म्हणून वाचले. स्टँडला पट्टी लावली आहे बघ. हेमनानी सरांना मी आत्ता फोन करते.

पट्टी नाहीये, सिस्टर म्हणाली.

मग म्हणाल्या, परत लाव.

बाबांच्या कॉटच्या कडेवर बसलो. ते झोपलेले, तोंड उघडं. आई गेली तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती, तेव्हा बाबा होते. हेमनानींनी बदलून दिलेलं वेगळं औषध सव्वासातला सुरू झालं.

८ डिसेंबर, सोमवार

ताप उतरला. पाय ओसरतोय. देवाची कृपा.

आता डोकं शांत आहे आणि प्रश्न एकच आहे. सिस्टमने ॲलर्जीची सूचना का दिली नाही? चारशे बारा नियमांत पेनिसिलिनचे एकवीस आहेत. सिस्टमला खोटी माहिती कोणी तरी खाऊ घातली. आणि ज्याने घातली त्याने माझ्या बापाच्या जिवाशी खेळ केला. सोडणार नाही. डॉ. विनीतांना लेखी मागणी दिली: चौकशी व्हावी, दोषी व्यक्तीचं नाव सर्वांसमोर यावं. प्रत सगळ्या विभागांना.

संशय: रिसेप्शन. नाही तर नवीन सिस्टर. यशोधरा सिस्टरांवरही घेतला होता, पण त्या रजेवर होत्या. तशा चौथ्या तारखेला नव्हत्या. बघू.

त्यांचा खुलासा आला. एका ओळीचा. ‘पट्टी मी लावली होती.’

१० डिसेंबर, बुधवार

बाबांना डिस्चार्ज. जांभूळलाच जायचं म्हणाले. सोडून आलो.

दुपारी मीटिंग. डॉ. विनीत, डॉ. हेमनानी (पहिल्यांदाच वेळेवर), यशोधरा सिस्टर, रिसेप्शन, सगळे. राजूला कंपनीकडून रेकॉर्ड आणायला सांगितलं होतं, कोणी कुठली चौकट कधी भरली त्याचं. मी उभा राहून प्रास्ताविक केलं. म्हटलं, विश्वासघात हा शब्द मी जपून वापरतो.

राजूने कागद दिला. म्हणाला, सर, तुम्हीच वाचा. मी म्हटलं, नाही, तू वाच, मोठ्याने, सगळ्यांना कळू दे. तो म्हणाला, सर, खरंच तुम्ही बघून घ्या आधी. मी म्हटलं, वाच.

त्याने वाचलं. ४ डिसेंबर, सकाळी १०.१७. ॲलर्जी: नाही. युजर: सुजित, ऑपरेशन्स.

कोणी हसलं असतं तर चाललं असतं. हेमनानी म्हणाले, चलो, मुझे बदलापूर निकलना है. जाताना माझ्या पाठीवर थोपटलं. राजूचा राग आला. खासगीत सांगता आलं नसतं का त्याला?

नंतर लक्षात आलं, तो तेच तर करत होता.

११ डिसेंबर, गुरुवार

डॉ. विनीतांनी बोलावलं. सिस्टम तूर्त बंद. राजू वीस नियम ठेवून परत चालू करणार आणि कुठले वीस ते यशोधरा सिस्टर ठरवणार, असं ठरलं. पण यशोधरा सिस्टरनी राजीनामा दिला. नोटीस परत घेतो म्हटलं मी. म्हणाल्या, नोटिशीचं काही नाही सर, हेमनानी सर जातात त्या बदलापूरच्या हॉस्पिटलवाले दोन वर्षं बोलावत होते, घर पण तिकडेच आहे. एक तारखेपासून जाते. वीस नियम लिहून देते त्याआधी.

एवढं सरळ बोलल्या. भांडल्या असत्या तर समजूत तरी काढली असती. आमच्या बदलापूर शाखेचं काम कोणाकडे जाणार ते मी विचारलं नाही. मालकांनीही सांगितलं नाही.

सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवलं. मागे रंग नवा आहे, चौकोन उठून दिसतो, म्हणून परत लावलं.

१४ डिसेंबर, रविवार. जांभूळ

संकल्प केला, एक काम तरी पूर्ण करायचं. बाबांची सगळी माहिती स्वतः विचारून, स्वतः लिहून घ्यायची. वही, पेन घेऊन ओट्यावर बसलो. म्हटलं, बाबा, काय काय चालत नाही तुम्हाला, कुठली औषधं चालू आहेत, सगळं सांगा.

बाबा वाल सोलत होते. म्हणाले, सगलं त्या सिस्टरला सांगितलंय. तुझी आय होती तवर आय सांगायची डॉक्टरला, मला कधी बोलावं लागलं नाही. ती गेल्यावर कोणी इचारलंच नाही. त्या पोरीने इचारलं. आता परत परत कोण सांगत बसेल? तिला इचार.

म्हटलं, तिचा नंबर नाही माझ्याकडे. दीड वर्षात मी तिला फक्त परिपत्रकं पाठवली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग आपला फोन काढला. नंबर त्यांच्याकडे होता. रोज चारला तिचा फोन येतो म्हणे, पाय कसा आहे विचारायला. त्यांनी लावला आणि म्हणाले, बाय, माझा पोरगा बसलाय इथं, माझ्या औषधांचं इचारतोय. सांगशील काय त्याला?

फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवतील. ऐकवलं असतं तर मी ऐकलं असतं. पण यशोधरा सिस्टरनी फक्त विचारलं, सर, पेन आहे ना? आणि सांगायला लागल्या. पेनिसिलिन नाही. रक्तदाबाची गोळी अर्धी, सकाळी, चहानंतर. दुखण्याची गोळी कुठलीही दिली तरी पोटात आग होते, बोलत नाहीत, नुसते जेवायचं टाळतात. बोलताना उजव्या बाजूला उभं राहायचं, डाव्या कानाने तेरा वर्षं ऐकू येत नाही. असं एकेक, हळू, मधे थांबत, नवीन मुलीला शिकवतात तसं. मी लिहीत गेलो. पानभर झालं. पेनिसिलिन सोडलं तर त्यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

मी उठून बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

झालं म्हटलं तर म्हणाल्या, नाही सर, असं नसतं. लिहिलेलं परत वाचून दाखवायचं असतं.

वाचून दाखवलं. दोन चुका निघाल्या.